पाव टनाचा ट्रेलर सहलीसाठी तयार करताना

एम-४१६ हा अमेरिकी लष्करी ट्रेलर 'पाव टन' वर्गातला आहे, आणि दुरुस्ती करणारे सगळ्यात आधी विसरतात ते हेच. अमेरिकी टन २००० पौंडांचा. त्याचा पाव म्हणजे ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो. कच्च्या, खडबडीत वाटेवर त्यात एवढंच सामान भरायचं. चांगल्या रस्त्यावर ७५० पौंड, म्हणजे ३४० किलो चालतं. रिकाम्या ट्रेलरचं वजन साधारण २६० किलो. हे तीन आकडे आम्ही टबाच्या, म्हणजे सामान भरायच्या पेटीच्या, आतल्या पत्र्यावर खडूने लिहिले आणि मगच पाना हातात घेतला. पुढच्या प्रत्येक निर्णयात ते आडवे आले, आणि ते बरंच झालं.

या घराण्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम कंपनीने १९४० मध्ये पहिल्या जीपचा नमुना दिला. जीपचं मोठं काम दुसऱ्यांकडे गेल्यावर तिने जीपमागे ओढायचे टी-३ ट्रेलर बनवले. तसलेच ट्रेलर विलीस कंपनीनेही बनवले. पुढे १९५० च्या दशकात एम-१०० आला आणि १९६० च्या दशकात एम-१५१ गाडीच्या जोडीला एम-४१६. एम-४१६ मध्ये चालत्या गाडीचा ब्रेक नाही, फक्त उभा करताना लावायचा हँडब्रेक आहे. एम-४१६ए१ मध्ये मात्र ओढणारी गाडी थांबू लागली की ट्रेलरच्या पुढे सरकण्याच्या जोरावर लागणारा ब्रेक असतो. हातात यातला कोणता आहे हे आधी पाटीवर वाचून घ्यावं. ती पाटी घासू नये, तिच्यावर रंगही मारू नये. नोंदणीच्या वेळी ओळखीचा तोच पुरावा असतो. ब्रेक सक्तीचा की नाही, हे जिथे ट्रेलर चालवायचा तिथल्या नियमांत आणि एकूण वजनावर ठरतं. तो प्रश्न काम सुरू करण्याआधी सोडवायचा, रंग झाल्यावर नाही.

काम खालून वर करायचं. चाकं, हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगवर फिरणारा मधला भाग), अ‍ॅक्सल, स्प्रिंगचे पाटे, चासी, मग टब, मग विजेचं काम, आणि रंग व तंबू शेवटी. उलट क्रमाने केलेले ट्रेलर बाहेरून देखणे दिसतात आणि शंभर किलोमीटरवर हब तापून उभे राहतात.

पहिली मोजणी टेपने. ओढायच्या कडीच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजलं. दोन्हींत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर एका कडेने झिजतात. मग दोन्ही टायरांच्या मध्यरेषांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजलं. आमच्या ट्रेलरमध्ये पुढचं अंतर ७ मिमीने कमी निघालं. कारण वाकलेला अ‍ॅक्सल नव्हता. एका बाजूचा यू-बोल्ट सैल होऊन अ‍ॅक्सलचं बैठक-पान फिरलं होतं आणि त्या बाजूचं बेअरिंगही ढिलं होतं. म्हणून ही मोजणी बेअरिंग नीट बसवल्यावर पुन्हा करावी. दोन वेळा मोजल्याशिवाय अ‍ॅक्सल सरळ करायला प्रेसवर नेऊ नये.

चाकाचे नट सोडवताना एक धोका असतो. त्या काळातल्या बऱ्याच जीप आणि ट्रेलरांत डाव्या बाजूच्या स्टडना, म्हणजे नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांना, उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेलं दिसतं, पण त्यावर रंगाचे चार थर असतील तर दिसत नाही. नेहमीच्या दिशेने लांब पाइप लावून जोर केला की स्टड मोडतो. आधी तारेच्या ब्रशने टोक साफ करावं. गंजलेल्या नटावर ऑटो-ट्रान्समिशन तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून रात्रभर मुरवलं की बहुतेक सुटतात. मात्र या मिश्रणाजवळ ज्योत अजिबात नको. उष्णता द्यायची असेल तर ते पूर्ण पुसून आणि वाळवून मगच.

जुन्या बेअरिंगचं खरं नुकसान धावण्याने होत नाही, उभं राहण्याने होतं. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या ट्रेलरमध्ये रोलर बाहेरच्या रिंगवर एकाच जागी टेकलेले असतात, तिथे ग्रीस पिळून निघतं आणि ओल शिरते. धुऊन उजेडात धरलं की रिंगवर रोलरच्या अंतराने बारीक करडे पट्टे दिसतात. असे पट्टे बोटाच्या नखाला लागत असतील तर बेअरिंग गेलं. रोलर आणि बाहेरची रिंग नेहमी जोडीनेच बदलायची. नवं बेअरिंग जुन्या रिंगमध्ये बसवून काही वाचत नाही. रिंगचे आणि सीलचे आकडे कोरलेले असतात, त्यावरून बदली मिळते. सील मात्र मिळालं तरी स्पिंडलवरची, म्हणजे हब फिरतो त्या अ‍ॅक्सलच्या टोकावरची, सीलची जागा पाहावी. तिथे गंजाचा खड्डा असेल तर नवं सीलही पहिल्याच ओढ्यात पाणी घेईल.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढल्याशिवाय नवं भरायचं नाही, कारण मातीच्या आधाराचं जुनं ग्रीस आणि लिथियमचं नवं एकत्र आलं की मिश्रण पातळ होऊन वाहू लागतं. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत जायचं, वरच्या बाजूने प्रत्येक रोलरमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. बसवताना हब हाताने फिरवत नट पान्याने घट्ट करायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग तो पूर्ण सैल करायचा आणि पुन्हा फक्त बोटांनी आवळायचा. लॉकनट घट्ट केल्यावर फट बदलते, म्हणून फट शेवटी मोजायची: ०.०३ ते ०.१३ मिमीच्या दरम्यान. मोजायला डायल नसेल तर चाक वर-खाली हलवून अगदी किंचित 'टिक' जाणवावी. हालचाल डोळ्यांना दिसली तर जास्त, आणि चाक जड फिरलं तर कमी. जास्त आवळलेलं बेअरिंग सैल बेअरिंगपेक्षा लवकर मरतं.

पाटे सुटे करून त्यांच्यामधला गंज काढला. इथे एक पथ्य: लहान, साध्या लोखंडाचे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात (लिटरला एक मोठा चमचा) १२ व्होल्टच्या चार्जरने साफ करणं उत्तम चालतं. भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला. पण स्प्रिंगचे पाटे आणि जास्त ताकदीचे बोल्ट यात किंवा आम्लात कधी घालू नयेत. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊन नंतर अचानक तुटतं. पाटे तारेच्या ब्रशनेच. धन टोकाला स्टेनलेस लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावर करावं, कारण हायड्रोजन वायू सुटतो. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, जुने ताणलेले असतात. आणि ते ट्रेलरचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळावेत.

चाकांबाबत या ट्रेलरची एक मोठी सोय आहे. मूळ चाक १६ इंची, पाच नटांचं, नटांचं वर्तुळ साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिमी. जुन्या जीप सीजे आणि सुझुकी जिम्नी यांचंही वर्तुळ हेच. ओढणाऱ्या गाडीचं चाक ट्रेलरला बसलं तर एकच स्टेपनी दोघांना चालते. फक्त मधल्या भोकाचा व्यास आणि चाकाची आत-बाहेर बैठक दोन्ही प्रत्यक्ष लावून पाहावी. पाच नट जुळले म्हणजे चाक बसलं असं होत नाही. मूळ ७.००-१६ टायरांची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी बगलेच्या रबराला तडे असतील तर ते टाकून द्यावेत. टायरच्या बगलेवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. चार आकडेच नसतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे.

चासीत तडे दोन जागी सापडतात: पाट्यांच्या कंसांच्या वेल्डजवळ, आणि ओढदांडा चासीला मिळतो त्या कोपऱ्यात. डोळ्यांवर विसंबू नये. लाल रंगद्रव्याच्या तडा-शोधक फवाऱ्याने दहा मिनिटं मुरवून, पुसून, आतला लाल रंग वर खेचणारी पांढरी भुकटी फवारली की केसाएवढी भेग लाल रेघ होऊन उमटते. भेगेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून मग वेल्ड करायचं, नाहीतर वेल्डच्या पुढे भेग चालूच राहते. ओढायची कडी मात्र घडीव आणि उष्णोपचार केलेली असते. तिला वेल्ड कधी लावू नये. ती झिजली असेल तर बदलायची. आणि वेल्डिंगआधी क्लोरीनवाल्या ब्रेक-क्लीनरने काहीही पुसू नये. त्याच्या वाफेपासून ज्योतीत फॉस्जीन बनतो, आणि तो जीवघेणा वायू आहे.

रंग काढण्याबद्दल तितक्याच गांभीर्याने सांगायला हवं, कारण हे काम बहुधा घराच्या अंगणात होतं आणि आसपास मुलं असतात. जुन्या लष्करी रंगात शिसं असू शकतं, आणि खालच्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट. त्याची कोरडी धूळ श्वासात जाता कामा नये. कोरडं ग्राइंडिंग आम्ही पूर्ण टाळलं: रासायनिक स्ट्रिपर, ओलं घासणं, बारीक धूळ अडवणारा पी-१०० मुखवटा, खाली प्लास्टिकची चादर आणि सगळा गाळ बांधून वेगळ्या विल्हेवाटीला. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. जो रंग घट्ट बसला आहे तो उगीच उतरवू नये. कडा बोथट करून त्यावर एपॉक्सी मारणं अधिक सुरक्षित.

टबाचा तळ सगळ्यात जास्त कुजलेला असतो. हा टब पाण्यावर तरंगावा म्हणून जलरोधक बनवलेला, त्यामुळे पाणी जायला फक्त तळाची बुचं. ती गच्च बसली आणि वर पाला साचला की वर्षभर ओल तशीच राहते. तळाचा पत्रा हातोडीच्या गोल तोंडाने ठोकत गेलो. खणखणीत आवाज आला तिथे चांगला, बसका आवाज आला तिथे कुजलेला. कुजलेला भाग चमकदार पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि मूळ जाडीचाच तुकडा जोडायचा. एका ओळीत सलग वेल्ड ओढला तर पत्रा फुगतो. २० ते २५ मिमीचे टाके समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत. खड्डे पडलेल्या पण शाबूत भागाला फॉस्फरिक आम्लाचं गंजरोधक लावलं तर ते पाण्याने पूर्ण धुऊन वाळवल्यावरच एपॉक्सी प्रायमर मारावा. उरलेल्या आम्लावर एपॉक्सी धरत नाही, सहा महिन्यांनी पापुद्र्यासारखा निघतो. सांध्यांचा सीलर प्रायमरवर, उघड्या लोखंडावर नाही. शेवटी चासीच्या बंद पोकळ्यांत मेण फवारलं.

मागची बाजू कापून दार करावं का, हा मोह प्रत्येकाला होतो. या टबाला मूळचं मागचं दार नाही. आमचं ठाम मत: कापू नये. टबाचा ताठपणा वरच्या काठाच्या अखंड पट्टीत आहे. ती तोडली की काठ झोलतो, झाकणाचं सील बसत नाही आणि धूळ आत येते. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे मागची प्रत्येक फट धूळ ओढून घेते. त्यापेक्षा वरून झाकण, आत ४० × ३० सेंमीचे डबे दोन थरांत, आणि रोज लागणारं सगळं वरच्या थरात. स्वयंपाकाची फळी बाजूच्या काठावर आकड्यांनी अडकवायची. झाकणाच्या पुढच्या बाजूला गाळणी लावलेली छोटी हवेची खिडकी ठेवली की आत किंचित दाब राहतो आणि धूळ खूपच कमी होते.

विजेचं मूळ काम २४ व्होल्टचं आणि बारा पिनांच्या लष्करी प्लगचं आहे. ते सगळं काढून १२ व्होल्टचे एलईडी दिवे आणि ओढणाऱ्या गाडीशी जुळणारा प्लग लावला. यात नव्वद टक्के तक्रारी एकाच गोष्टीच्या असतात: अर्थिंग. ट्रेलरची कडी आणि गाडीचा आकडा (हुक) यांच्या स्पर्शावर अर्थ सोडला तर उडी बसली की दिवे लुकलुकतात. प्रत्येक दिव्यापासून प्लगपर्यंत स्वतंत्र अर्थ तार ओढावी. काही गाड्यांत एलईडीमुळे इंडिकेटर भरभर लुकलुकतो, कारण गाडीला दिवा गेल्यासारखं वाटतं; त्याला रोधक किंवा वेगळा मॉड्यूल लागतो.

फ्रिजसाठी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. ती साधारण १२ किलोची, तेवढीच शिसे-आम्लाची २८ ते ३०. इथे वजनच निर्णय देतं. फक्त शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये. गाडीपासून बॅटरीपर्यंत ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तार. २० अँपिअरला २.५ चौरस मिमीच्या तारेत १.६ व्होल्टहून जास्त घट होते, १० चौरस मिमीच्या तारेत अर्ध्या व्होल्टच्या आत. म्हणून जाड तार, आणि डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणारा चार्जर, ट्रेलरमध्ये, बॅटरीजवळ. फ्यूज मात्र दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना हवा; दोन्हीकडून तारेत आग लावण्याएवढा प्रवाह येऊ शकतो.

आता खडूच्या आकड्यांकडे. पहिल्या आराखड्यात ४० × ४० × ३ मिमीच्या चौकोनी पाइपचा १० मीटर सांगाडा ३४ किलो, छताचा तंबू ६०, १८ मिमी प्लायचं झाकण १८, बॅटरी १२, सामानासह फ्रिज ४०, पाणी ६०, शेगडी-सिलिंडर १२, भांडी २५, अंथरुणं-कपडे ५०, स्टेपनी २७. बेरीज ३३८. चांगल्या रस्त्यावर जेमतेम बसणारी, कच्च्या वाटेवर १११ किलो जास्त. कपात अशी झाली: पाइप २ मिमी जाडीचा घेऊन कोपऱ्यांना तिरपे टेकू, १० किलो कमी, झाकण दीड मिमी अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचं हलक्या चौकटीवर, ७ कमी, स्टेपनी गाडीचीच, २७ कमी, कपड्यांतले ३० किलो गाडीत, आणि पाण्याचे २० लिटरचे तीन कॅन, पैकी दोन मुक्कामाआधीच्या शेवटच्या पाणवठ्यावर भरायचे, ४० कमी. उरले २२४. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला जिथे टेकतं तिथे रबर आणि नायलॉनचे वॉशर घातले, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून कुजतं.

एकूण ४८४ किलोच्या या ट्रेलरच्या कडीवर १० ते १२ टक्के, म्हणजे ४८ ते ५८ किलो भार हवा. घरच्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून, कडी प्रवासातल्या उंचीवर टेकवून मोजला. भार कमी असेल तर वेगात मागचा ट्रेलर डुलायला लागतो, आणि एकदा डुलू लागला की वाढतच जातो. पाण्याचे कॅन अ‍ॅक्सलच्या अगदी वर ठेवण्याचं कारण हेच. अ‍ॅक्सलच्या ४० सेंमी पुढे ठेवले आणि कडी १८० सेंमी पुढे असेल, तर ६० लिटर पाणी संपल्यावर कडीवरचा भार १३ किलोने घटतो. जाताना नीट चाललेला ट्रेलर येताना डुलतो आणि कारण सापडत नाही.

कडी-आकड्याची जोड आम्ही कायम ठेवली. ती खडखडते, पण कडी आपल्या दांड्यावर फिरते, त्यामुळे गाडी आणि ट्रेलर उलट बाजूंना कलले तरी जोड पिळत नाही. दांड्याला ग्रीस, नटाला दर वेळी नवी कॉटर पिन. सुरक्षा साखळ्या ओढदांड्याखालून एकमेकींवर तिरप्या घेतल्या म्हणजे जोड सुटली तरी दांडा त्यांच्या झोळीत पडतो.

मुलांसह राहायचं तर तंबूच्या बाबतीत एक हिशेब अटळ आहे. ट्रेलर गाडीपासून सोडलेला असेल आणि कडीवर ५० किलो भार असेल, तर अ‍ॅक्सलपासून ९० सेंमी मागच्या काठावर १०० किलो आले की ट्रेलर मागे उलटायला लागतो. शिडीवर एक मोठा माणूस आणि तंबूच्या मागच्या भागात दोन मुलं एवढ्याने हे सहज होतं. म्हणून चारही कोपऱ्यांना टेकू, आधी मागचे दोन, आणि ते लागल्याशिवाय कुणी शिडीला हात लावायचा नाही. तंबूचा सांगाडा टबाच्या काठाला टांगू नये. त्याचे पाय चासीवर उतरवावेत, आणि जिथे पत्र्यातून बोल्ट जातो तिथे आतून ४ मिमीची पट्टी. सिलिंडर बाहेर, उभा, खाली हवा खेळती. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद टबाच्या तळाशी साचतो. जोडणी प्रत्येक मुक्कामी साबणाच्या फेसाने तपासायची.

पहिली फेरी भरलेल्या ट्रेलरची, पण जवळची. टायरमध्ये २० ते २५ पीएसआयपासून सुरुवात केली, कारण या पाट्यांचा ताठपणा भरपूर आहे आणि जास्त हवेत ट्रेलर उड्या मारतो. तासाभराने दाब पाहिला. गरम झाल्यावर ४ ते ६ पीएसआयपेक्षा जास्त वाढला तर हवा कमी आहे. १५ किलोमीटरवर दोन्ही हबना हात लावला: कोमट ठीक, बोट टेकवत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलं आहे किंवा ब्रेकची पट्टी ड्रमला घासते. ८० किलोमीटरवर चाकांचे नट आणि यू-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळले. यू-बोल्ट पाऊण आटा फिरले. निघताना पुढचा टेकूपाय वर करून खिळ घातली आहे की नाही, हे ओढणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्याने पाहायचं ठरवलं. ओढा ओलांडायचा असेल तर आधी वीस मिनिटं थांबायचं. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. पाणी शिरलं असेल तर उघडल्यावर ग्रीस दुधाळ दिसतं. तसं दिसलं की पुन्हा धुऊन भरायचं, पुढच्या सहलीपर्यंत थांबायचं नाही.